साखराबाईच्या पोटातला जंतू

ज्ञानेश्वरी हदगावकडची. लग्न होऊन मुखेडजवळच्या खेड्यात आली तेव्हा पोटातली आग तिनं माहेराहूनच आणली होती. उपाशी राहिलं की बेंबीच्या वर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, दोन घास खाल्ले की निवायचं. सासरी नेमकं खाण्याचंच अवघड. सासू साखराबाई सगळ्यांची जेवणं उरकल्याशिवाय सुनेला ताटावर बसू देत नसे. मधेच भाकरीचा तुकडा तोंडात टाकलेला दिसला, तर आल्यागेल्याला सांगायची, आमची सून चोरून खाती.

शेतात कळ आली की ज्ञानेश्वरी पोट दाबून बांधावर बसायची. तिचा नवरा व्यंकट तिला लांबूनच ढेकूळ फेकून मारायचा. खुरपणीच्या वेळीच हिचं पोट कसं दुखतं, असं तो मजूर बायांना विचारायचा, अन् बाया हसायच्या. साखराबाई तिला अंगदुखीच्या गोळ्या द्यायची. त्यांनी पोट जास्तच पोळायचं.

लेक शिल्पा तीन वर्षांची असताना सोयाबीनच्या रानात ज्ञानेश्वरीला उलटी झाली. काळी, चहाच्या चोथ्यासारखी. ती उठेना, तेव्हा व्यंकटनं तिला नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नळी घालून पाहिलं. जठराला जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं.

बाईंनी दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. पोटात एक जंतू असतो. तो जठराच्या आतल्या चिकट थरात दडून बसतो, तिथं त्याला आम्लही मारत नाही. शरीराला त्याचा सुगावा लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, त्याला मारायला जहाल द्रव्यं सोडतात. जंतू आडोशाला असतो, तो मरत नाही. पेशीही माघार घेत नाहीत. वर्षानुवर्षं मारामारी चालते, अन् सोलून निघतं ते आपलंच अस्तर. बहुतेकांना कळतही नाही, काहींना अशी जखम होते, थोड्यांना पुढे कॅन्सर. हा जंतू लहानपणीच घरच्यांकडून लागतो. तुमच्या घरातही आणखी कुणाला असेल. कुणाला पोटाचा त्रास असला तर घेऊन या, असं बाईंनी बजावलं.

व्यंकटनं घरी जाऊन यातला एकच शब्द सांगितला, जंतू.

त्याच दिवशी ज्ञानेश्वरीची पथारी गोठ्यात गेली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. शिल्पाला तिच्याजवळ जायची मनाई. शेण, खुरपणी, सरपण ही कामं मात्र तिचीच राहिली. गोठ्यातून तिला ओसरी दिसायची. साखराबाई भाकरीचा घास आपल्या तोंडात चावून मऊ करायची आणि नातीला भरवायची. साखराबाईला स्वतःला कैक वर्षांपासून आंबट ढेकरा येत होत्या. एकदा ज्ञानेश्वरी ओसरीपाशी जाऊन म्हणाली, "आत्याबाई, पोरीला चावून देऊ नका. अन् तुम्हीबी तपासून घ्या. म्याडम म्हणल्या, घरात आणखी कुणाला असंल."

साखराबाईनं हातातला तांब्या तिच्या तोंडावर मारला. दात हलला. व्यंकट तिथंच बसला होता, तो जेवत राहिला.

ज्ञानेश्वरीनं औषधं शेवटपर्यंत घेतली. पुन्हा तपासलं तेव्हा जंतू गेला होता. ते घरात कुणी मनावर घेतलं नाही. दोन वर्षांनी साखराबाईला चुलीपुढं बसवेना, तेव्हा कुठे सुनेला घरात घेतलं, अन् तेही भाकरी थापायला.

सासूचं ताट उचलताना तिला दिसू लागलं. अर्धी भाकर तशीच राहायची. घास लागत न्हाई, म्हणायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ज्ञानेश्वरीच्या पक्कं ध्यानात होतं. ती काही बोलली नाही. उरलेली भाकर ती म्हशीपुढं टाकायची अन् ताट घासून ठेवायची. आखाड गेला, दिवाळी गेली. होळीला साखराबाईच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना, तेव्हा व्यंकटनं तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कॅन्सर होता. फार पसरला होता.

जठराचा तुकडा तपासला, त्यात जंतू सापडला नाही. हे कानावर पडताच साखराबाई खाटेवर उठून बसली. "बघ," ती सुनेला म्हणाली, "माझ्या पोटात जंतू न्हाई. तुझ्यावानी घाण न्हाई मी."

डॉक्टरीणबाईंनी व्यंकटला बाहेर नेऊन सांगितलं, की रक्तात त्या जंतूविरुद्धच्या लढाईची खूण अजून आहे. शरीर त्याच्याशी जन्मभर भांडत होतं. त्या भांडणात अस्तर इतकं झिजलं, की तिथं आम्लही बनेना, अन् जंतूलाही राहायला जागा उरली नाही. म्हणून तो गेला. दोन-तीन वर्षं आधी आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं.

साखराबाईला हे कुणी सांगितलं नाही. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, डॉक्टरनं बघितलं, आपल्या पोटात जंतू न्हाई, हे सुनेच्या हातचं खाऊन झालं. सून तिथंच तिचं अंग पुसत असायची. पेज भरवली की ती सुनेच्या पदरावर थुंकायची. ज्ञानेश्वरी पदर धुवायची आणि पुढची वाटी आणायची. मरताना साखराबाईचं वजन पोरीएवढं झालं होतं. ज्ञानेश्वरीला रडू आलं नाही. बायांनी तिला चिमटे काढले, तरी आलं नाही.

तेराव्यानंतर व्यंकटनं विचारलं, "तिचं खाणं तुटलं तव्हा तुला कळलं व्हतं ना? मग बोलली का न्हाईस?"

"बोलले व्हते एकदा," ती म्हणाली. "तव्हा तुमी जेवून राहिला व्हता."

त्यानं मारायला हात उचलला आणि खाली घेतला. हल्ली त्याच्याही पोटात जळजळत होतं. तो म्हणाला, नांदेडला दाखवून यावं म्हणतो, तू संग चल, म्याडम तुला ओळखतात.

ज्ञानेश्वरी शिल्पाला तपासायला घेऊन निघाली होती. पोरीची वेणी घालून झाल्यावर तिनं पिशवी उचलली. "आमी दोघी चाललो," ती म्हणाली. "तुमी उद्या जा."