शिवनेकाठचा दुसरा गळ

आमच्या पडेगावच्या सोसायटीत मी फार देवभोळा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. दर रविवारी पहाटे स्कूटर काढून मी वेरूळला दर्शनाला जातो, असा सगळ्यांचा समज आहे आणि तो मी कधी खोडून काढला नाही. येताना रस्त्यात पाव किलो पेढे घेतो आणि जिन्यात भेटेल त्याच्या हातावर एकेक ठेवतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तो कपाळाला लावून खातात. खाऊ द्या. मी वेरूळच्याही पुढं जाऊन शिवना नदीत मासे धरतो, हे पडेगावात कुणाला सांगायची माझी छाती नाही.

आमचं घराणं भिक्षुकीचं. वडील कचेरीत कारकून झाले, पुढं मीही झालो, पण स्वयंपाकघर भिक्षुकाचंच राहिलं. आई असेपर्यंत घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलं नाही. मी मासा अजूनही खात नाही. मग धरता कशाला, म्हणाल. आई गेली, वर्षभरात मी रिटायर झालो, लग्न केलेलं नव्हतं, आणि घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कुणाचा आवाज नव्हता. अशात एका लग्नाहून परतताना देवगाव रंगारीच्या अलीकडं स्कूटर पंक्चर झाली. पुलावर वैतागून उभा होतो, तर खाली एक म्हातारा गळ टाकून बसलेला. इतका निवांत माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी मी गळ विकत घेतला आणि त्याच्यापासून दहा हातांवर जाऊन बसलो.

ते देवगावचे शेतकरी. सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, डोक्यावर टोपी. मी त्यांना आबा म्हणायचो, ते मला सायेब. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. ते गळाची काठी उचलून बंधाऱ्याकडं निघाले, तसं मी आपलं सहज विचारलं, "कुठं चाललात आबा?"

ते जागच्या जागी थांबले. परत आले, बसले आणि गळाचा नायलॉनचा दोरा, तंगूस, गुंडाळायला लागले.

"झालं! गळ घिऊन निघालेल्या मानसाला कुठं म्हनून इचारतेत व्हय? आज काय मासा लागत नाय आता."

आणि खरंच, दुपारपर्यंत साधी चिलापीसुद्धा लागली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आमची आईही हेच सांगायची. बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारू नये, 'लांब का' म्हणावं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं, ते आठ वर्षं.

आठ वर्षं आम्ही बंधारा ते पूल एवढ्या तुकड्यात शेजारी बसलो. ज्वारीच्या धाटाची बोटभर कांडी तंगुसाला बांधून पाण्यावर सोडायची आणि ती कधी बुडते ते बघत राहायचं. बोलायचं नाही, आवाजानं मासा पळतो. मला लागलेले मासे ते घेऊन जायचे. "बामनानं धरलेला मासा लई ग्वाड लागतो," म्हणून वर डिवचायचे. मला भाकरी आणि ठेचा आणायचे, आणि दर वेळी शपथ घालायचे, "निस्ती मिरचीच हाय, घ्या बिनघोर." एवढंच आमचं बोलणं. त्यांचं नाव मी विचारलं नाही, माझं त्यांनी विचारलं नाही. फोन नंबरची तर गोष्टच सोडा. पण सोमवारपासून मी रविवारची वाट बघायचो. माझ्या सगळ्या आठवड्यात माझ्यासाठी भाकरी बांधून आणणारं माणूस एकच होतं.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. नऊ-साडेनऊ झाले असतील. आबांची कांडी बुडाली, पण त्यांनी झटका दिला नाही. मला वाटलं, डुलकी लागली. मग ते उठले. काठी तशीच चिखलात रोवलेली, भाकरीचं फडकं तिथंच. हात बंडीला पुसत पुसत रस्त्याकडं चालायला लागले. वरच्या बाभळीपाशी जाऊन उभे राहिले. 'कुठं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी गिळला. तेवढ्यात माझी कांडी सपकन खाली गेली.

मरळ होती. हातभर लांब, काळीशार. आठ वर्षांत मला मरळ लागली नव्हती. मी ती दोन्ही हातांत धरून वळलो आणि ओरडलो, "आबा, बघा!" बाभळीपाशी कुणी नव्हतं. मी दुपारी दोनपर्यंत बसलो. शेवटी ती मरळ पाण्यात सोडली. दाखवायला माणूस नाही, तर तिचं करू काय?

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. मी म्हटलं, शेतीची कामं असतील. काय वेडपट मी! मार्गशीर्ष संपला, पौष संपला, त्यांची काठी तशीच चिखलात उभी. त्यांच्या बसायच्या जागेवरचं गवत आठ वर्षांत कधी वाढलं नव्हतं, ते वाढायला लागलं. मी त्याच्याकडं पाठ करून बसायचो. खरं सांगतो, आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, पण त्या गवताकडं बघून रडलो.

शेवटी काठी उपटली आणि गावात गेलो. पण विचारणार काय? नाव ठाऊक नाही. बंडी आणि टोपी म्हटलं, तर अर्ध्या गावात तेच. पारावरच्या चहावाल्यापुढं काठी धरली. त्यानं कांडीवर गुंडाळलेला लाल दोरा बघितला आणि म्हणाला, "ही तर आमच्या मामाची. मामाच्या अंगावरून वारं गेलं ना. करमाडला असतेत आता, थोरल्या पोराकडं."

दुसऱ्याच दिवशी काठी स्कूटरला आडवी बांधून मी सगळं शहर ओलांडून करमाडला गेलो. सिग्नलला लोक बघून हसत होते. हसोत.

आबा पुढच्या खोलीत बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, ओठाची एक बाजू उतरलेली. मला बघून त्यांनी डावा हात वर केला. सुनेनं चहा दिला आणि आत गेली. काठी मी भिंतीला टेकवली. तिथंही मी नदीवरच्यासारखा त्यांच्या शेजारी बसलो.

मग मीच म्हटलं, "आबा, त्या दिवशी..."

"हाताला मुंग्या यायल्या व्हत्या," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत होते. "बाभळीपशी थांबलो व्हतो म्या. म्हनलं, सायेब इचारतील. सायेबाच्या गाडीवर दवाखाना गाठू."

मी कपबशी खाली ठेवली.

"तुम्हीच सांगितलं होतं ना हो आबा, निघालेल्याला विचारायचं नाही म्हणून!" मी जवळजवळ भांडल्यासारखाच बोललो.

ते अर्ध्या ओठानं हसले. "आवो, त्ये मासे धरायला निघालेल्याला. म्या तर गळ सोडून चाललो व्हतो."

मी चूक केली होती, आणि तेवढ्यात मरळही धरली होती. ते त्यांना सांगणार होतो, सांगितलं नाही. ऊन दारापर्यंत आलं. आता निघावं, तोंड दाखवायला जागा नाही, असं वाटून मी उठलो आणि उंबऱ्यापाशी चपला पायात घातल्या.

मागून आबांचा आवाज आला, जड, पण स्वच्छ.

"सायेब, कुठं चालले?"

मी चपला काढल्या आणि परत येऊन बाजेवर बसलो.