मामाजींनी किल्ला मोजला

भंडारा जिल्ह्यात आता राजा उरला नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझे मामेसासरे पाहिलेले नाहीत. राज्य नव्हतं, फौज नव्हती, अंगात बनियान आणि समोर हातमाग एवढाच काय तो दरबार. पण वैनगंगेकाठच्या त्यांच्या गावाला जो पडका किल्ला आहे, त्याचे ते किल्लेदार होते. नेमणूक त्यांनी स्वतःच केली होती आणि ती रद्द करण्याची हिंमत एकाही कलेक्टरला झाली नाही. किल्ल्याचा इतिहास ते एका वाक्यात सांगत. "गोंड राजानं बांधला, भोसल्यानं वाढवला, इंग्रजानं सोडला, न् आपुन खाल्ला, जवाईबापू!" यातल्या 'आपुन'वर ते असा जोर देत की ऐकणाऱ्याला आपल्या दाताखाली चुना लागल्यासारखा वाटे.

गावाभोवतीचा कोट चार ठिकाणी ढासळलेला. एका खिंडारातून तर डांबरी रस्ताच गेलेला, एसटीसुद्धा तिथूनच गावात शिरते. पण मामाजी उभ्या जन्मात त्या खिंडारातून गेले नाहीत. अड्याळच्या बाजारातून येताना ते कोटाबाहेरच उतरत, डोक्यावर पोतं घेऊन खंदकाच्या कडेकडेनं अर्धा वळसा घालत आणि दरवाजातून, कमानीला हात लावून, आत येत. तोवर त्याच एसटीतली माणसं जेवून आडवी झालेली असत. विचारलं तर म्हणत, "खिंडारातून चोर येते. मालक दारातून येते."

या तत्त्वाचा पहिला बळी मीच. आमची वरात वरठीहून निघाली, खिंडारापाशी पोचली, आणि समोर मामाजी आडवे हात करून उभे. "नवरदेव दरवाजातून येईन!" आता त्या दरवाजाला आत शिरताच काटकोनात वळण आहे. आमची जीप त्या वळणात अशी बसली की पुढे जाईना की मागे येईना. बँडवाले भिंतीला चिकटले, माझं बाशिंग टपाला अडकलं, वडील संतापानं लाल. मामाजी मात्र आनंदानं टाळ्या पिटत होते. "पाहा! दुश्मनाचा हत्ती सुसाट येऊ नये म्हणून राजानं हे वळण ठेवलं. हत्ती अटकते, तर तुमची जीप कोन चीज हाये!" मी बाशिंग सावरत पायीच मांडवात गेलो. बायकोच्या लग्नातल्या शालूचा हिरवा काठ त्यांनीच विणला होता, आणि त्या काठावरसुद्धा कोटाच्या माथ्यावरच्या दातेरी चर्या होत्या, ओळीनं, एकही न ढासळलेली.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला. लोक म्हणाले, कचेरी कुठे, कामं कुठे. मामाजींना वेगळीच धास्ती. "घरची वाटणी झाली की भांडे मोजतेत का नाई? मंग जिल्ह्याची वाटणी झाली तर किल्ला कोन मोजाचा?" शेवटी त्यांनी स्वतःच मोजायला घेतला. हिवाळाभर रोज सकाळी लाल सुताची गुंडी घेऊन ते कोटावर चढत. शंभर दगडांना एक गाठ. बुरूज झाले, कोट झाला, आणि दरवाजाशी मोजणी अडली. पहारेकऱ्यांनी बसायच्या ज्या देवड्या दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना असतात, त्यांचे कमळं कोरलेले घडीव दगडच गायब!

तेव्हापासून मामाजी कोणाच्याही घरी गेले की माणसाकडे पाहीनासे झाले. नजर उंबरठ्यावर, धुण्याच्या दगडावर, तुळशीच्या ओट्यावर. एका घरी सांत्वनाला गेले आणि रडणाऱ्या मंडळींना "जरा सरका" म्हणून खालची पायरी तपासून आले. दगड सापडला की त्या घरासाठी पूर्वी विणलेल्या कापडाची चिंधी त्या लाल सुतात बांधायची. सगळ्या गावाला त्यांनीच कपडे विणलेले, त्यामुळे नावं लिहायची गरजच नव्हती. मग ते दगड परत मागत. लोक हसत.

भाऊबीजेला ते बहिणीकडे, म्हणजे गावातच दिलेल्या माझ्या सासूबाईंकडे गेले. आम्हीही तिथेच होतो. ओवाळून झालं, आणि मामाजी म्हणाले, "बाई, तुहा उंबरठा देवडीचा हाये. वापस दे."

सासूबाईंनी ओवाळणीचं ताट खाली आदळलं. "ओवाळणी द्याले आला का घराचं दार मांगाले आला? काहून रे दादा, दुसऱ्याचे उंबरठे पायते, आपल्या मागाखाली पाय ना! ज्याच्यावर बसून तू जनमभर विनून राहिला, थो दगड कोनाचा? आजानं दरवाजातूनच आनला होता. माह्या आजीनं सांगतलं मले."

मामाजी पाटावरून उठले ते घरी जाऊन मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरले. खड्ड्याच्या काठाशी विणकराच्या बैठकीचा दगड, तीन पिढ्यांनी बसून गुळगुळीत केलेला. त्याची खड्ड्याकडची बाजू त्यांनी कंदिलानं पाहिली. तिथे कमळ होतं. जन्मभर त्यांच्या पोटऱ्यांना ते लागत होतं, आणि ते समजत होते आज्याची छिन्नी ओबडधोबड.

तीन दिवस माग बंद. पानठेल्यावर नवी म्हण तयार झाली, किल्लेदारच चोर. चौथ्या दिवशी मामाजींनी पहार घेतली. दगड निघाला तर खड्डा ढासळणार, माग उपसावा लागणार, आणि लग्नसराई तोंडावर. मामी कपाळ बडवत म्हणाल्या, "आता पोटाले काय दगड बांधू?"

"बांध," मामाजी म्हणाले, "पन किल्ल्याचा नोको."

बाजाराचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला. बैलगाडीत दगड, कमळ वरती, आणि पुढे स्वतः मामाजी ओरडत. "चोर आला हो, चोर! पाहून घ्या! चोरी वापस घेऊन चालला!" दरवाजापाशी कुठलेसे साहेब आडवे आले. परवानगी आहे का, म्हणाले. मामाजींनी कमरेवर हात ठेवले. "नेला तवा कोनी परवानगी मांगली होती जी? मंग ठेवाले कायले पायजे?" साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना एकदम दुसरं काम आठवलं. दगड देवडीत बसला.

आठवड्यानं सासूबाईंचा उंबरठा आला. त्याचं एक टोक हातभर तुटलेलं होतं. मामाजींनी त्या तुटक्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दगड देवडीत बसवायला घेतला. मागोमाग आणखी दहा-बारा दगड आले. सगळे नाही आले. माग पुन्हा उभा राहिला, बैठकीला सागाची फळी. फळी हलायची, त्यामुळे काठावरच्या चर्या डावीकडे किंचित झुकू लागल्या. गिऱ्हाइकानं कुरकुर केली की मामाजी म्हणत, "किल्लाही तिकडंच झुकला हाये. जाऊन पाहा."

पुढे कितीतरी वर्षं ते वरठीला आमच्याकडे येत. बायको पाट्यावर जवसाची चटणी वाटायची, ते दोनदा मागून घ्यायचे आणि बसायचे नेहमी पाट्याकडे पाठ करून. दुसऱ्याच्या घरी चुलीमागे शिरणारा हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून जेवायचा. मला वाटे, वय झालं.

गेल्या वर्षी ते गेले. तेराव्याला मामींनी ती लाल सुताची गुंडी बायकोच्या हातात दिली. चिंध्या बऱ्याचशा सुटलेल्या होत्या, दगड परत आला की ते सोडून टाकत. उरलेल्यांत अगदी शेवटी एक हिरवी होती, झुकण्याआधीच्या सरळ चर्यांची. बायकोनं ती ओळखली, तिच्याच शालूच्या काठाची. आमच्या घरातला किल्ल्याचा दगड म्हणजे तो चटणीचा पाटा, सासूबाईंनी तिला लग्नात दिलेला, उंबरठ्यातून उरलेल्या तुकड्याचा.

वरठीला घरी आल्यावर ती म्हणाली, "चटणी मिक्सरमदी करू."

दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेला पाटा मांडीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. कोट दिसू लागला तशी तिनं घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी आत जाते ना. इथं कायले उतरून राहिल्या?"

ती तोवर खाली उतरली होती. मी पाटा खांद्यावर घेतला. फार जड होता. खंदकाच्या कडेकडेनं, तिच्या मागे मागे, दम खात, मी दरवाजाकडे निघालो.