यादीत नाव नसताना धुळ्याला कसं जावं

आमच्या मेडिकल कॉलेजच्या बॅचचं संमेलन ठरलं आणि यादीत माझंच नाव नाही! संयोजक सुधीरला फोन लावला. तो आता पुण्यात हृदयाचा मोठा डॉक्टर. म्हणाला, "अगं, यादी पास झालेल्या वर्षावरून केलीय. तू ऑड बॅचची ना? पण ये की, पाहुणी म्हणून ये."

आमच्या काळी पहिल्या वर्षी नापास झालं की सहा महिने मागे पडायचं. अशा मागे पडलेल्यांची ती ऑड बॅच. परीक्षा वेगळी, वर्ग वेगळा, ग्रुप फोटोत कुठेच नाही. मी अ‍ॅनाटॉमीत आपटले होते. पण प्रवेश त्यांच्याच वर्षीचा, आणि सुधीरच्याच टेबलावर मीही शवविच्छेदन केलंय. पाहुणी म्हणे! माझं डोकंच फिरलं. तिथेच ठरलं, जायचं.

एकटी गेले नाही. रावेरला माझ्या दवाखान्याशेजारी केळीवाले नाना राहतात. त्यांची नात मृणाल त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. तीही अ‍ॅनाटॉमीतच नापास होऊन पंधरा दिवस घरी बसलेली. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख सोमवार, आणि ही फॉर्म उघडायलाही तयार नाही. नाना म्हणाले, "डॉक्टरबाई, पोरीले तरास नको. राहू द्या तिले घरीच."

"राहू दे की. रविवारी फक्त माझ्यासोबत फिरायला पाठवा," मी म्हटलं.

तुम्हाला रावेरहून धुळ्याला जायचं असेल तर सकाळी सहाची एसटी धरा आणि जळगावला गाडी बदला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. जळगाव स्टँडवर पोहे खाऊन घ्या. थांबे धरून पाच तास लागतात. पारोळा गेल्यावर मृणालने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काकू, तुम्ही रडला होतात?"

"महिनाभर. मग कंटाळा आला."

धुळ्यात कॉलेजच्या फाटकाबाहेर अक्कांची चहाची टपरी अजून आहे. अक्का थकल्यात, पण नजर तीच. मला बघून म्हणाल्या, "बठ्ठा उनात, तूच राहिनी व्हती." सगळे आले, तूच राहिली होतीस! सुधीरच्या यादीपेक्षा मला ही हजेरी जास्त पटली. चहाही तसाच होता, आल्याने घसा जाळणारा.

सभागृहात ओळखपरेड चालू होती. डिग्र्या, परदेशातल्या फेलोशिपा, कुणाचं स्वतःचं हॉस्पिटल. मृणाल मागच्या रांगेत अंग चोरून बसली होती. कुणी बोलावलं नाही, तरी मी माईक घेतला. "मी याच बॅचची. अ‍ॅनाटॉमीत नापास झाले, सहा महिन्यांनी पास झाले. वीस वर्षं रावेरला पेशंट तपासतेय." काहीजण हसले, काहींनी मोबाईल काढले.

खाली उतरल्यावर सुधीर हळूच म्हणाला, "ते सांगायची काय गरज होती?"

"तुला नव्हती. मागे बसलीय तिला होती."

मग पायऱ्यांवर फोटो. मी सरळ पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी मी उठले नसते. तेवढ्यात मृणाल आली. "काकू, मी हॉस्टेलवर थांबते." कपडे नाहीत, पुस्तकं नाहीत, नुसती पर्स. मी काही विचारलं नाही, न जाणो तिचा विचार बदलायचा.

परतीला जळगावला ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं. थंडीत गेलात तर हे चुकवू नका. नानांना सांगायची धास्ती होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच धुळ्याकडे निघालेल्या केळीच्या ट्रकवाल्याकडे मृणालची बॅग दिली. पुस्तकं त्यांनी स्वतः भरली होती, नको ती बारावीचीसुद्धा.

संमेलनातून मला काय मिळालं? फोटो आला, त्यात मी डोळे मिटलेत. सुधीरने यादी अजून दुरुस्त केलेली नाही. न करेना. वीस वर्षं मी उगाच असल्या याद्यांकडे डोळे लावून होते, एवढं मात्र कळलं.

सोमवारी दुपारी मृणालचा मेसेज आला. "फॉर्म भरला. पण परत नापास झाले तर?"

दवाखान्यात गर्दी होती. दोनच शब्द लिहिले, "परत भर."