गप्प राहण्याचे चाळीस दिवस

वालीवच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. तिथे खोके बनवतात. प्रिंटर अडला, नेट गेलं, कुणी पासवर्ड विसरलं की मला हाक. ही झाली पोटाची नोकरी. माझं दुसरं एक काम आहे, ते तिथे कुणाला ठाऊक नाही, आणि मीही सांगायला जात नाही. फोटो उघडायला, लहान-मोठे करायला, फिरवायला जगभरचे प्रोग्रॅम तयार कोडचा एक गठ्ठा वापरतात. त्याला लायब्ररी म्हणतात. तुमच्या फोनमधल्या कितीतरी अ‍ॅपच्या पोटात तो असेल. तो गठ्ठा आम्ही तिघंजण सांभाळतो, तिघंही फुकट. बाकीच्या दोघांचे देश मला माहीत आहेत, चेहरे नाहीत.

सांभाळतो म्हणजे काय, तर भोकं बुजवतो. फोटोची फाइल स्वतःच सांगते, मी एवढी रुंद, एवढी उंच. आमच्या जुन्या कोडने तिच्यावर भोळेपणाने विश्वास ठेवलेला. चार पानं वाढा म्हणायचं आणि पंगतीला दोनशे माणसं आणून बसवायची, तसं एखादी लबाड फाइल करते. मांडवात मावत नाहीत ते स्वयंपाकघरात घुसतात, आणि मग घर त्यांचं. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. सुरुवातीला वाटायचं, कधीतरी हे संपेल. डोंबल संपतं!

एकदा असंच एक भोक कळवणारं पत्र आलं, एका अनोळखी अभ्यासकाचं. सोबत एक फाइल. ती उघडली आणि प्रोग्रॅम कोसळला. नुसता कोसळला नाही, ती फाइल त्याच्याकडून हवं ते करून घेऊ शकत होती. आणि तेवढा भाग मीच लिहिलेला होता. काही वर्षांपूर्वी, मोठ्या ऐटीत.

आमच्यात रीत आहे. भोक सापडलं की बोंब मारायची नाही. आधी गुपचूप दुरुस्ती, मोठ्या वापरणाऱ्यांना खासगीत कल्पना, आणि ठरल्या दिवशी सगळ्या जगाला एकदम. त्याआधी दुरुस्त कोडची प्रत कुणाला म्हणजे कुणाला द्यायची नाही. एक जरी बाहेर गेली तरी चोर तिच्यावरून भोक कुठे होतं ते ओळखतात. आम्ही चाळीस दिवस ठरवले. या बाबतीत मी भयंकर कडक. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.

आता मामाबद्दल सांगायला हवं. आगाशीच्या बाजारात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. आसपासच्या गावांतलं एक घर नसेल जिथे त्याने फोटो काढला नाही. वाडीवाल्यांची लग्नं, ख्रिस्ती मुलांची पहिली कम्युनियन, कोळीवाड्यातली नवी होडी, बारसं, मयत, सगळीकडे मामा. त्याच्याकडे निगेटिव्हचे डबेच्या डबे होते. मी त्याला स्कॅनर आणून दिला, शिकवलं, आणि तो दुपारी दुकान थंड असताना एकेक पट्टी पुसून स्कॅन करत बसायचा. त्यात त्याची किती वर्षं गेली! सगळं झाल्यावर डब्यांना बुरशीचा वास मारत होता. मी म्हटलं, "मामा, आता ही घाण कशाला? सगळं कॉम्प्युटरात आहे ना." त्याने विचारलं, "नक्की फेकू?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागले. मग त्याने डबे भंगारवाल्याला देऊन टाकले.

त्याचं मशीनही मीच लावलेलं. गिऱ्हाइकांना घरबसल्या फोटो पाठवता यावेत म्हणून मी इंटरनेटवर एक पान बनवून दिलं होतं, आणि आत आमचीच लायब्ररी. पण अपडेट आलं की त्याचा जुना फोटो प्रिंटर बंद पडायचा आणि मामा फोनवर आकांडतांडव करायचा. म्हणून मी सगळी अपडेटं बंद केली आणि लायब्ररीची जुनी प्रत हाताने आत ठेवून दिली. फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर होती, ती डिस्क मशीनला कायम जोडलेली. कायम! कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याची शाळा घेतली असती.

त्या चाळीस दिवसांत मामाचं मशीन मला आठवलं नाही असं नाही. पहिल्याच दिवशी आठवलं. दुरुस्त प्रत देता येत नव्हती हे खरं, पण "ते पान थोडे दिवस बंद ठेव" एवढं म्हणायला कुठल्या नियमाची आडकाठी होती? मनात यायचं, तो कारण विचारेल, आणि मामाच्या दुकानात बोललेलं संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं. त्या बाजाराला काय कळणार होतं, कपाळ! पण नाही. नियम म्हणजे नियम. मोठं गुपित सांभाळतोय याचा माज असतो माणसाला, मला होता.

ठरल्या दिवशी दुरुस्ती बाहेर पडली. तेच भोक पुन्हा पडलं तर लगेच कळावं म्हणून दुरुस्तीबरोबर चाचणीची एक फाइल जोडायची असते. ती मी अभ्यासकाच्या फाइलीवरून बनवली, आणि आत चित्र म्हणून मामाच्या वाडीतल्या केळीच्या पानाचा, मीच काढलेला फोटो घातला. आमच्यातल्या एकाने लिहिलं, ही फाइल थोडे दिवस मागे ठेवूया, चोरांना आयतं मिळेल. मी उत्तर दिलं, चाचणी नसेल तर दुरुस्ती अर्धवट. आणि जोडली.

पुढचे तीन दिवस पत्रांचा भडिमार. एक पत्र आभाराचं असेल तर शपथ. तुमच्या अपडेटने आमचं काम अडलं, जरा जबाबदारीने वागा, आधी का नाही सांगितलं. फुकट घेणाऱ्यांची ऐट तर बघा! कारखान्यातून सुटले की मी आचोळ्याला घरी येऊन त्यांच्या समजुती काढत बसायचे. मामाकडे नवी प्रत टाकायला उद्या जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं.

चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. "बाय, फोटो उघडत नाहीत गं. सगळ्यांची नावं बदललीत. तू ये जरा."

गेले. सगळं कुलूपबंद. मशीनवरचं, डिस्कवरचं, सगळं. पैसे मागणारी एक चिठ्ठी होती, पण तिच्यातला पत्ताही बंद पडलेला, म्हणजे किल्लीवाला चोरही पळाला होता. गिऱ्हाइकांचं ते इंटरनेटवरचं पान एका फाइलीवर अजून अडकून बसलं होतं, ती तेवढी कुलपातून सुटली होती. मी माझ्या लॅपटॉपवर जपून तिच्या आत पाहिलं. केळीचं पान. माझी चाचणीची फाइल कुणीतरी उचलली होती, तिच्यात विष भरलं होतं आणि तो ती इंटरनेटवर दिसेल त्या फोटोच्या पानावर टाकत सुटला होता. चित्र बदलायची तसदीसुद्धा त्याने घेतली नव्हती. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढू ते कळेना.

तेवढ्यात अर्नाळ्याची एक बाई आत आली. मामाला म्हणाली, "काका, माझ्या मानसाचा फोटो काढून द्या ना. वरसाच्या श्राद्धाला मोठा करून लावायचाय. लग्नातला तुमच्याकडं आहे तोच. घरात दुसरा कोनता नाय."

मामा म्हणाला, "मशीन बिघडलंय, बाय. ही माझी भाची. बघतेय ती."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "होईल ना गं?"

"बघते," मी म्हटलं. तोंडातून 'नाही' निघालंच नाही. उद्या येते म्हणून ती गेली.

मामाने विचारलं, "येतील परत?"

"नाही."

"एकही?"

"नाही, मामा."

तो स्टुलावर बसला. मग माझ्याने राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. भोक, रीत, केळीचं पान, सगळं. त्याला त्यातलं निम्मंही कळलं नसेल. शेवटी त्याने एकच विचारलं, "तुला कधी कळलं होतं हे?"

"दीड महिना होत आला."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हापासून तीनदा तू माझ्याकडे जेवून गेलीस." आवाज चढला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, मशीनचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "ती बाई उद्या येईल. मी काही सांगणार नाही तिला. तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात रजा टाकली आणि सकाळी नऊला स्टुडिओत जाऊन बसले. ती साडेदहाला आली. येताना बाजारातून फोटोची चौकट विकत घेऊनच आली होती.