टँकरच्या दिवशीचे मार्क

आधी कबूल करते बाई, दमयंतीबाईंना मी भलतंच समजले. टँकरच्या रांगेशेजारी वही घेऊन उभ्या, पेन चालूच. मला वाटलं, म्युन्सिपाल्टीची बाई, कोण जास्तीचं पाणी नेतं ते लिहिती. घाबरून मी दोन भरले हंडे शेजारच्या केसरबाईच्या पिंपात ओतले! अजून हसू येतं.

बाई निघाल्या आमच्या तनुजाच्या चौथीच्या मास्तरीण. तनुजा माझी भाची. तिची आई वाळूजला कंपनीत, म्हणून पोरगी माझ्याकडं. साल दुष्काळाचं, शहराच्या कडेला आमच्या सातारा परिसरात बिल्डिंगा लई, पाणी मात्र चौथ्या दिवशी. टँकर आला की पहाटेच मी तिला रांगेत उभी करायची. आख्ख्या गल्लीच्या हंड्यांचा हिशेब पोरगी तोंडी ठेवायची. बाई तेच वहीत लिहीत होत्या, पोरीला काय काय येतं ते.

आणि चाचणीत? पंचवीसपैकी आठ! हेडमास्तर नानासाहेबांनी ठरवलं, पाचवीत हुशार पोरं ‘अ’ तुकडीत, ढ ‘ब’मध्ये. ‘ब’मध्ये गेलेलं पोरगं वर येत नाय, हे आख्ख्या शाळेला ठाऊक. पालक म्हणून मला बोलावलं.

बाई यादीवर सहीच करीनात.

"सर, वर्षभराची वही बघा की."

"वहीत तुमच्या गप्पा. लोकांना मार्क लागतात, बाई."

"मग मार्कच बघा. तिन्ही चाचण्या टँकरच्या दिवशी पडल्या. गल्लीतली सात पोरं अर्धा पेपर झाल्यावर वर्गात आली, भिजलेल्या बाह्यांनी. सातही तुमच्या ‘ब’मध्ये! बाकीच्या दिवशी त्यांना काय काय येतं, ते तारखेसकट लिहिलंय."

"नियम म्हंजे नियम."

"व्हय ना? मग लिहून द्या, पाणी भरलं म्हणून पोरं ढ. मी आजच गेटावर चिकटवते. खाली सही तुमची."

मी खाली मान घातली. रांगेत उभं करणारी मीच ना!

नानासाहेब वही चाळत बसले. चहा गार झाला. जूनमध्ये दोन तुकड्या पडल्या, पण आडनावाच्या अक्षरांवरनं. तनुजा ‘अ’मध्ये.

पेढे द्यायला गेले, तर तोंड गप्प बसंना. म्हटलं, "बाई, लोकांच्या हंड्यांवर कसली हो नजर तुमची! त्या दिवशी मी सहाच भरले होते."

"आठ."

"सहा!"

बाईंनी वही उघडली. "आठ भरले, दोन केसरबाईंच्या पिंपात ओतले. तनुजानं मोजलेत."

मेली पोरगी दारात उभी राहून मान डोलावत होती.