माझ्या हाताचं उद्घाटन

त्यांनी बटण दाबलं आणि माझा हात उघडला.

मी उघडला नाही. तो उघडला.

दिग्रसचं मंगल कार्यालय. स्टेजवर मधोमध चाकाच्या खुर्चीत मी. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चिकट पट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरींच्या टोकाला ते मशीन. आणि मशीनचं बटण ट्रस्टच्या अध्यक्षांच्या हातात. अध्यक्ष म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक, गावातलं मोठं प्रस्थ. त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली. माझ्या उघड्या तळहातावर वरूनच सोडली, हाताला हात न लागू देता. मग दुसरं बटण दाबलं. बोटं मिटली. नोट आत.

"पकडली! पोरीनं बरोब्बर पकडली!" ते माइकवर म्हणाले.

लोक हसले. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याचा फोटो हुकला होता. "साहेब, एक डाव परत," तो म्हणाला. साहेबांनी परत केलं. चार वेळा केलं. चार वेळा माझा हात भरल्या सभेत पसरला आणि चार वेळा नोटेवर मिटला.

मी हसत होते. हे आधीच सांगून टाकते. फोटोत दिसतंच आहे, लपवून काय उपयोग?

तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा हात माझा होता. मी डी.एड.ला होते, दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात आजीचा अंगठा, आईचा अंगठा. सही करणारी मी पहिली. वस्तीतल्या विहारात जयंतीच्या फळ्यावरचं अक्षर माझंच असायचं. बँकेत आई कागदावर अंगठा उठवायची आणि खाली साक्षीदार म्हणून मी सही ठोकायचे. आई कारकुनाकडे अशी बघायची, जशी काही त्या बँकेची मालकीणच.

दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर रोजानं कापूस वेचायला गेले होते. ट्रॉलीत कापूस भरताना वर चढून तो पायांनी दाबावा लागतो. ते काम पोरींना आवडतं. उड्या मारायला मिळतात. मी वर होते. ट्रॅक्टरवाल्याने न बघता गाडी सोडली. झटका बसला आणि मी डोक्यावर खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडले. धुऱ्यावर दगड होते.

माणसं धावली. एकाने पाय धरले, एकाने खांदे. "खाली कायले ठेवता? कापसावर टाका, मऊ हाय," कोणीतरी म्हणालं. आणि मला त्याच ट्रॉलीतल्या कापसावर टाकून यवतमाळला नेलं. रस्ताभर मान त्या मऊ कापसात इकडून तिकडे लोळत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. अशा वेळी मान हलू द्यायची नसते, कडक फळी लागते. पडण्यानं किती गेलं आणि कापसानं किती, हे आता कोणी सांगू शकत नाही. दोष कोणाला देऊ? सगळी आपलीच माणसं होती. माया होती म्हणूनच त्यांनी मऊ जागा शोधली.

पाय गेले. हात अर्धे राहिले. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं मात्र मेली. फक्त अंगठ्याला थोडी जाण उरली. गार-गरम तेवढं कळतं.

मग सर भेटले. अपंगांसाठी ट्रस्टने काढलेल्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट होते. मूळचे नेरकडचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी बी तुह्यावाणीच वस्तीतून आलो. घाबरू नको." आमच्यातला माणूस, शिकलेला, पांढऱ्या कोटातला. आईने तिथल्या तिथे हात जोडले.

त्यांनी मशीन समजावून सांगितलं. मेंदूचा निरोप मानेत अडतो, खाली पोचत नाही. पण हाताचे स्नायू मेलेले नाहीत. त्यांना बाहेरून बारीकसा करंट दिला, तर ते ओढले जातात. वरच्या पट्टीनं बोटं उघडतात, खालच्या पट्टीनं मिटतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बटण. डाव्या खांद्यावर त्यांनी एक छोटा स्विच लावला. खांदा उचलला की चालू.

"स्विच तुह्या खांद्यावर. तू म्हनशीन तवाच हात उघडन," सर म्हणाले. "आधी गिलास. मंग पेन. सही तू सोता करशीन."

मी खांदा उचलला. कोपराखाली मुंग्या आल्या. बोटं एकेक करून सुटली, झोपेतून उठल्यासारखी. मी खांदा खाली केला. परत उचलला. मी रडले आणि रडतारडता परत खांदा उचलला.

सात महिने. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. मामेभाऊ मला उचलून ऑटोत बसवायचा, आई मांडीवर माझं डोकं धरून बसायची. आधी स्पंज धरला, मग लाकडी ठोकळा, मग रिकामा ग्लास. ज्या दिवशी भरल्या ग्लासातलं पाणी माझ्या हाताने प्याले, त्या दिवशी सरांनी टेबलावर एक पेन आणून ठेवला. "आता हा," म्हणाले. तो पेन घरी आल्यावरही माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

त्याच आठवड्यात एक कागद आला. सर म्हणाले, संमतीचा आहे. मी म्हटलं, "सर, महिनाभर थांबा न. मी सही करीन."

"फॉर्मालिटी हाय व. आजच पाठवाचं हाय."

त्यांनी माझा अंगठा धरला, शाईच्या डबीत बुडवला आणि कागदावर दाबला. शाई गार होती. ते मला कळलं. तेवढंच कळलं. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. आजी, आई आणि मी. कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत जाऊन मी अंगठ्यावर परत आले होते. पण सर आपले होते, म्हणून मी गप्प बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी ठरलं होतं की मी स्वतः ग्लास उचलून पाणी पिणार. आईने निळं लुगडं नेसलं होतं. स्टेजवर नेल्यावर सरांनी वाकून माझ्या खांद्यावरचा स्विच काढला.

"काहून सर?"

"उद्घाटन साहेबाच्या हस्ते हाय. दोन मिन्टं."

आपल्याकडे सगळंच कोणाच्या तरी हस्ते होतं. रस्ता, हँडपंप, शाळेचा संडास. जो खपतो तो बाजूला उभा राहतो आणि फीत दुसराच कापतो. त्या दिवशी फीत नव्हती. माझा हात होता. सर माइकसमोर गेले. खोलीत माझ्याशी वऱ्हाडी बोलणारा माणूस एकदम शुद्ध बोलू लागला. "आता माननीय अध्यक्षांच्या शुभहस्ते..." ग्लास तसाच टेबलावर राहिला. पुढचं मी सांगितलंच आहे. नोट चौथ्यांदा धरली तेव्हा मी सरांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते.

राग तेव्हा आला नाही. खोटं कशाला बोलू? वाटलं, मोठ्या माणसाची गंमत आहे, होऊ दे, मशीन त्यांचं आहे. माणूस उपकाराखाली असला की असाच विचार करतो.

पंधरा दिवसांनी शुक्रवारी आमचा ऑटो बसस्टँडसमोर थांबला. तिथे बॅनर लागला होता. माणसाएवढा मोठा, वर ट्रस्टचं नाव, मधोमध पसरलेला तळहात आणि त्यावर नोट. आईला वाचता येत नाही. पण मनगटाजवळचा तीळ तिने ओळखला.

"हा तं तुहा हात हाय व. काय लिवलं तिथं?"

मी वाचून दाखवलं. "एक हात मदतीसाठी पसरला आहे. तुम्ही तो भराल का?"

आईने माझा हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "आपून कदी हात पसरला होता का, बाई? उपाशी राह्यलो, पन पसरला होता का?"

मी ऑटोवाल्याला केंद्राकडे घ्यायला सांगितलं. राग आता आला. लाज नव्हती ती. लाज सात महिने वाटून झाली होती.

केंद्रात गेले तर पाहुणे बसलेले. बाहेरगावचे देणगीदार. सरांनी पट्ट्या लावल्या आणि खांद्यावरचा स्विच काढायला हात पुढे केला.

"स्विच राहू द्या, सर."

"दोन मिन्टाचं काम हाय. पाहुन्याईले बटन दाबून पाहाचं हाय."

"त्यो बॅनर काढा."

"फोटोसाठी अंगठा देल्ला हाय न तू," सर हळूच म्हणाले. "लेखी हाय सगळं."

तेव्हा मला कळलं की माझ्याजवळ बोटं नाहीत, पण दात आहेत. मी हात तोंडापाशी नेला आणि वायर दातात धरून ओढली. एक निघाली. मग दुसरी. पाहुण्यांतली एक बाई "अरे अरे" म्हणाली. सरांचा चेहरा उतरला.

"हात माहा हाय, सर. बटन बी माह्यापाशीच राहीन."

"मशीन ट्रस्टची हाय. समजते का तुले?"

"समजते. मशीन न्या. हात ठेवा."

त्यांनी मशीन नेलं.

त्याची किंमत मी रोज भरते. मी शूर वगैरे नाही. पहिले दोन महिने त्या मशीनसाठी रडले, सरांना फोन लावायला सांगितला, मग नको म्हटलं. बोटं परत आखडू लागली आहेत. आई सकाळ-संध्याकाळ तेल लावून सोडवते. भरला ग्लास आता उचलता येत नाही. अध्यक्षांनी नोट टाकली ते मी विसरून जाईन कदाचित. ते परके होते, त्यांच्याकडून मी काय अपेक्षा ठेवली होती? पण माझा अंगठा ज्याने शाईत बुडवला तो आपला होता. त्याला माहीत होतं आपल्या घरात अंगठ्याचा अर्थ काय होतो.

आईने जुन्या दप्तराचा पट्टा कापून माझ्या तळव्याभोवती शिवला. त्यात पेन खोचला की मनगटाने ओढता येतो. ट्रस्टला पहिलं पत्र मी तसंच लिहिलं. चार ओळींना तीन दिवस लागले. संमती रद्द. बॅनर काढा. मशीन पाहिजे, स्विच माझ्या खांद्यावर असेल तर. खाली सही. सही वाकडी आहे, पण मी केलेली आहे. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र गेलं आहे. तिसरं लिहायला घेतलं आहे. बॅनर अजून तिथेच आहे, उन्हानं नोटेचा रंग उडालाय.

उद्या कोणीही नवं यंत्र घेऊन आमच्या दारात आला, तर आई त्याला चहा देईल. मी एकच विचारीन, बटण कोणापाशी? उत्तर नीट आलं तर हात पुढे करीन. नाही आलं आणि त्याने माझा अंगठा धरलाच, तर माझे दात अजून शाबूत आहेत.