उसवबाईंचा शेरा

छावणीतल्या शिवणवर्गाच्या बाईंना सगळ्याजणी तोंडावर ‘मावशी’ म्हणत आणि पाठीमागे ‘उसवबाई’. बाईंना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं नावच त्यांना जास्त आवडायचं. चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेली बाई. टीप दोराभर हलली तरी चष्मा नाकावर ओढून एकच शब्द म्हणायच्या, “उसव.” रडलीस तरी उसव, घाई असली तरी उसव. नवरा गेला, दुकान उठलं, मुलाच्या एका खोलीच्या संसारात त्यांच्या वाट्याला पडद्यामागची खाट आली. तिथं बसून सुनेच्या डोळ्यांवर येण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी छावणी चालवणाऱ्या संस्थेचं हे काम धरलं होतं.

वर्ग म्हणजे पत्र्याची लांबट खोली, सात मशीनं, त्यातली दोन कायम रुसलेली. दारावर पाटी होती: ‘आपल्या पायांवर उभे राहू या’. लढाईत गाव सुटलेल्या बायका त्या पाटीखाली चपला काढून आत येत.

त्यांच्यात एक होती काजवाली. सासू अंथरुणाला खिळलेली, पदरात दोन मुली, नवऱ्याचा पत्ता नाही. पण वर्गाला एका दिवसाचा खाडा नाही. शर्टाला काजं अशी करायची, की बाईंनी उजेडात धरून उलटसुलट पाहिलं तरी बोट ठेवायला जागा सापडेना. बाईंना याचा थोडा रागच आला होता. मग राग गेला आणि जीव जडला.

परीक्षा झाली. फॉर्मच्या तळाशी प्रश्न होता, ‘शिकाऊ महिला स्वावलंबी झाली आहे का? शेरा लिहावा.’ आयुष्यात कुणाची स्तुती न केलेल्या बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘हो. पूर्णपणे. माझ्यापेक्षा चांगलं शिवते.’ सही ठोकली आणि त्या दिवशी गुणगुणत घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी काजवालीचं नाव घरांच्या यादीतून उडालं.

संस्था शहराबाहेर पक्की घरं बांधत होती, कायमची, राहणाऱ्यांच्या नावावर होणारी. ती होती ज्यांना स्वतःचं भागवता येत नाही त्यांच्यासाठी. स्वावलंबी कुटुंबानं महिनाअखेर तंबू सोडायचा आणि बाहेर खोली बघायची. बाहेर हिला खोली देणार कोण? ओळखीचे कागद गावाबरोबर जळालेले. बाई स्वतः तिच्याबरोबर चार दारं फिरल्या. कागद नाहीत म्हटल्यावर चारही दारं लागली. एका कपड्याच्या दुकानात मालक तिची काजं बघून हरखला, आणि लगेच त्यानंही ओळखपत्र मागितलं.

बाई तणतणत कचेरीत गेल्या. तिथल्या मॅडम भल्या होत्या, हीच पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

“मावशी, सही तुमचीच आहे ना?”

“अहो, मी तिच्या शिवणाबद्दल लिहिलं! मला काय ठाऊक, तुम्ही त्यावरून घर काढून घ्याल? द्या तो कागद, खोडते मी.”

“खोडता आलं असतं तर मीच खोडलं नसतं का? तो वर गेलाय.” मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “एकच वाट आहे. उद्या बाहेरचे परीक्षक फेरतपासणीला येतायत. त्यांच्यासमोर ती नापास झाली, तर नाव परत लागतं.” मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, “हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.”

बाई पाणी प्यायल्या नाहीत. आपल्या हातानं आपण त्या पोरीचं घर मोडलं, आणि तेही कौतुकानं, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी काजवालीला थांबवून घेतलं, सगळं सांगितलं आणि कापडाचा तुकडा पुढे टाकला. “आज वाकडं शिवायचं.”

काजवालीला आधी हसू आलं. मग तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि मशीनवर बसली. टीप सरळ आली. दुसरी मारली, तीही सरळ. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवून कापड तिरकं ओढलं. हात काढला की टीप पुन्हा मुकाट्यानं ओळीत.

“हात ऐकत नाहीत हो, मावशी.”

“डोळे मीट.”

तिनं डोळे मिटले. टीप सरळच.

“अगं, मुलींचा विचार कर!” बाई ओरडल्या, आणि ओरडल्याची त्यांची त्यांनाच शरम वाटली.

काजवाली मान खाली घालून म्हणाली, “तुमच्यासमोर वाकडं शिवायची लाज वाटते.”

बाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. “घे, नाही बघत.”

पाठीमागे मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. बऱ्याच वेळानं खांद्यावरून कापडाचा तुकडा पुढे आला. बाईंनी चष्मा नाकावर ओढला. टीप सुरुवातीपासून शेवटपर्यंत, उजेडात धरली तरी, सरळ होती. इतकी चांगली टीप त्यांच्या दुकानातही कधी पडली नव्हती. त्यांनी त्या टिपेवरून एकदा अंगठा फिरवला.

“उसव,” बाई म्हणाल्या.